सात टॅब, एक फुली

शनिवारी रात्री साडेअकराला मामानं लॅपटॉपवरच्या टर्मिनलच्या कोपऱ्यातली फुली दाबली. खिडकीत सात टॅब उघडे होते. आत अजून काहीतरी चालू आहे, खरंच बंद करायचं का, असं टर्मिनलनं रीतसर विचारलं. मामानं न वाचता हो म्हटलं आणि तो झोपायला गेला. सातांपैकी पाचव्या टॅबमधून, एसएसएचनं जोडलेल्या हॉलमधल्या जुन्या डेस्कटॉपवर, एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन चालू होतं. १९९४ साली झालेल्या त्याच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेलं चित्रण ते साफ करत होतं. साडेचार तासांचं काम झालं होतं, थोडंसंच उरलं होतं.

सकाळी फाइल जागेवर होती, पण उघडेना. एमपी-फोर फाइलमध्ये कुठलं दृश्य कुठे आहे याची सूची साधारणपणे अगदी शेवटी लिहिली जाते. त्याआधीच काम बंद पडलं, तर आत सगळा ऐवज असूनही प्लेअरला तो सापडत नाही. मामी काही बोलली नाही. बोलली ती भाची. पुण्यात नोकरी लागल्यापासून ती मामाकडेच राहते. दिवसभर लांबच्या सर्व्हरवर तिचं काम चालतं आणि एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणाऱ्या टीमक्स या प्रोग्रॅमशिवाय ती टर्मिनल उघडत नाही. मामाची तीस वर्षं युनिक्सची यंत्रं सांभाळण्यात गेली, पण टीमक्स तो वापरत नाही. पोह्यांबरोबर सुरू झालेला वाद दुपारच्या चहापर्यंत पुरला.

"सिगहपनं मारलं ते," भाची म्हणाली. "तू फुली दाबलीस, एसएसएच तुटलं, तिकडच्या शेलला निरोप गेला आणि शेलनं जाता जाता एफएफएमपेगलाही बरोबर नेलं."

"सिगहप मला शिकवू नकोस. त्यातला 'हप' म्हणजे हँग अप, फोन ठेवला. आम्ही खरोखर फोनच्या लाइनवरून मोडेमनं आत शिरायचो. पलीकडच्यानं फोन ठेवला की यंत्रानं समजायचं, माणूस गेला, त्याची कामं आवरा. नियम चांगलाच आहे. नाहीतर प्रत्येक तुटलेल्या लाइनमागे अनाथ कामं उरली असती."

"म्हणजे नियम तुला माहीत होता."

"होता. लांबणारं काम नोहप लावून सुरू करायचं, म्हणजे ते सिगहपला दाद देत नाही, हेही माहीत होतं. काल कंटाळा केला."

हा कंटाळा पुढे दिवसभर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला.

मामाची मांडणी साधी आहे. जीनोम टर्मिनल, एका कामाला एक टॅब. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं की नवा टॅब, कंट्रोल-शिफ्ट-एन दाबलं की नवी खिडकी. ऑल्ट धरून आकडा दाबला की थेट त्या क्रमांकाच्या टॅबवर, कंट्रोल आणि पेज-अप किंवा पेज-डाउननं शेजारच्या टॅबवर. ब्राउझरमध्ये शिफ्टशिवाय भागतं, इथे शिफ्ट का लागतं, असं नवीन मुलं विचारतात तेव्हा तो खुलतो. कंट्रोलबरोबरची अक्षरं टर्मिनलच्या जगात आधीपासून वाटून दिलेली आहेत. कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबव, कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे मागचा एक शब्द खोड, कंट्रोल-टी म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. टॅब आले तेव्हा या जागा भरलेल्या होत्या, म्हणून त्यांना शिफ्टचं जादा बोट लावून घ्यावं लागलं.

टॅब खरोखरच उशिरा आले. टर्मिनल ही मुळात एक वस्तू होती. टेबलावर ठेवायचा पडदा, पुढे कीबोर्ड, मागे तार. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं १९७८ साली आणलेल्या व्हीटी-१०० वर २४ ओळी आणि ८० रकाने मावायचे. तो ८० चा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रकार्डापर्यंत मागे जातो आणि आजही कित्येक टर्मिनलं उघडताना त्याच मापाची उघडतात. १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्सटर्मनं हा पडदा दुसऱ्या पडद्यावरच्या चौकटीत बसवला. एक्सटर्मला आजतागायत टॅब नाहीत. मॅकच्या टर्मिनलला ते २००७ मध्ये लेपर्डबरोबर मिळाले. विंडोजवाल्यांना त्यासाठी विंडोज टर्मिनलची वाट पाहावी लागली आणि त्याची १.० आवृत्ती आली मे २०२० मध्ये.

"आणि तुमचं टीमक्स?" मामानं विचारलं. "ते तर टॅबच नाहीत. एकाच पडद्याला घातलेल्या घड्या आहेत."

भाचीला ही उपमा आवडली, पण तिनं दुरुस्ती केली. घडी घालण्याची युक्ती टॅबपेक्षा जुनी आहे. १९८७ मध्ये बर्लिनच्या तंत्र विद्यापीठातल्या ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम खुला केला. टेबलावर एकच टर्मिनल असलेल्या माणसाला त्यात अनेक शेल चालवता येऊ लागले. कंट्रोल-ए दाबायचं आणि मग हुकूम सोडायचा. टीमक्स वीस वर्षांनी, २००७ मध्ये आलं. ते निकोलस मॅरियट यांनी लिहिलं आणि २००९ मध्ये ओपन-बीएसडीनं ते मूळ प्रणालीतच सामावून घेतलं. टीमक्सची हाक कंट्रोल-बी आहे. त्याचं कारण गमतीचं आहे. त्याचा पहिला नमुना स्क्रीनच्याच पोटात बसून लिहिला जात होता, कंट्रोल-ए स्क्रीननं अडवलेलं होतं, म्हणून शेजारचं अक्षर घेतलं.

"यातली खरी गोष्ट घड्या नाहीच," भाची म्हणाली. "टीमक्स दोन तुकड्यांत चालतं. सर्व्हर तिकडे, कामाच्या यंत्रावर. तुझ्यासमोर दिसतो तो नुसता क्लायंट. शेल सर्व्हरच्या ताब्यात असतात. तू फुली दाबलीस तर क्लायंट मरतो. सर्व्हरला एवढंच कळतं की बघणारा गेला. कंट्रोल-बी, मग डी, म्हणजे मुद्दाम सुटायचं. उद्या अटॅच म्हटलं की सगळं होतं तिथे. काल एवढं केलं असतंस तर मामीला तिचं लग्न सकाळीच दिसलं असतं."

"बघितलंय मी ते एकदा," मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग अर्धा तास दोघं एकमेकांशी भांडत होती आणि बोलत होती मात्र वेगवेगळ्या गोष्टींविषयी. दोष 'विंडो' या शब्दाचा. मामाच्या तोंडी विंडो म्हणजे कोपऱ्यात फुली असलेली चौकट. टीमक्समध्ये विंडो म्हणजे मामा ज्याला टॅब म्हणतो ते. तिचे तुकडे केले की प्रत्येक तुकडा पेन, आणि अशा अनेक विंडोंची मोट म्हणजे सेशन. किटी नावाच्या टर्मिनलमध्ये टीमक्सच्या पेनलाच विंडो म्हणतात, तिच्यावर टॅब, आणि सगळ्यांत बाहेरच्या चौकटीला ओएस-विंडो. इमॅक्स या एडिटरमध्ये बाहेरची चौकट फ्रेम आणि आतला तुकडा विंडो. विम या एडिटरमध्येही तुकडा विंडोच, पण २००६ पासून टॅबही आहेत आणि एका टॅबमध्ये अनेक विंडो राहतात. दहा माणसांच्या चमूत कुणी "ती विंडो बंद कर" म्हटलं तर दहा वेगळ्या गोष्टी बंद होऊ शकतात.

तुकडे पाडण्याचं तर याहून वाईट. टीमक्समध्ये टक्क्याचं चिन्ह दाबलं की डावं-उजवं आणि दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं की वरचं-खालचं. डाव्या-उजव्याला टीमक्स आडवी फाळणी म्हणतं. विममध्ये आडवी म्हणजे वर-खाली. भाचीनं म्हणूनच आपल्या मांडणीत उभी दांडी आणि आडवी रेघ ही दोन चिन्हं नेमली आहेत. रेघ जशी दिसते तसा पडदा दुभंगतो.

"हेच म्हणतो मी," मामानं पकडलं. "घरात आल्या आल्या आधी दुरुस्त्या. तुझ्या त्या टीमक्सच्या फाइलमध्ये किती ओळी आहेत?"

होत्या साठेक. त्यातल्या पाच तिनं समर्थनासाठी निवडल्या. पहिली ओळ माऊस चालू करते. तो एरवी बंद असतो. दुसरी मागचा मजकूर साठवण्याची मर्यादा वाढवते. टीमक्स मुळात प्रत्येक पेनच्या २,००० ओळी लक्षात ठेवतं, तिनं ५०,००० केल्या आहेत. तिसरी विंडोंची मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू करते, कारण कीबोर्डवर शून्य दुसऱ्या टोकाला असतं. चौथीमुळे मधली विंडो बंद झाली की पुढच्यांचे क्रमांक आपोआप सरकतात. पाचवी एस्केपच्या कळीसाठी. एस्केप दाबल्यावर पुढे आणखी काही येतंय का, हे पाहायला टीमक्स थांबतं. हा थांबा कित्येक वर्षं ५०० मिलिसेकंद होता आणि विम वापरणाऱ्यांना अर्धा सेकंद काट्यासारखा टोचायचा. नव्या आवृत्तीत तो १० वर आणला आहे.

"बघ. तुमच्याच लोकांना पटलं की आधीचं चूक होतं."

"पंधरा वर्षांनी का होईना, पटलं. तुझ्या टर्मिनलच्या नव्या आवृत्तीत काय बदललं ते तुला माहीत तरी असतं का?"

"काहीच बदलत नाही. म्हणून तर वापरतो."

यानंतर मामानं आपला भाता उघडला. टीमक्समध्ये गेल्यावर टर्मिनलची स्वतःची सरकपट्टी निकामी होते. वर काय गेलं ते बघायला वेगळ्या अवस्थेत शिरावं लागतं. माऊस चालू केला की नेहमीसारखं ओढून मजकूर उचलता येत नाही, शिफ्ट धरावं लागतं. नवी विंडो उघडली की आपण जिथे होतो त्या डिरेक्टरीत ती उघडत नाही, सेशन जिथे सुरू झालं तिथे उघडते. त्याच्या टर्मिनलमध्ये नवा टॅब आपसूक त्याच डिरेक्टरीत जातो. टीमक्समधून एसएसएच करून दुसऱ्या यंत्रावरच्या टीमक्समध्ये शिरलं, तर कंट्रोल-बी कुणासाठी, आतल्यासाठी की बाहेरच्यासाठी, हा घोळ आहेच.

डिरेक्टरीचा उपाय एका ओळीत होतो, असं भाची म्हणाली. आतल्या टीमक्ससाठी कंट्रोल-बी दोनदा दाबायचं. बाकीचं तिनं मान्य केलं.

मामाकडे एक साक्षीदारही होता. किटीचे कर्ते कोविद गोयल. ई-पुस्तकं सांभाळणारं कॅलिबर ज्यांचं, तेच हे भारतीय प्रोग्रॅमर. त्यांनी किटीच्या माहितीपत्रात स्पष्टच म्हटलं आहे की टीमक्ससारखी मधली पायरी शक्यतो टाळा. त्यांचा आक्षेप तात्त्विक आहे. टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये दुभाष्या बसला, की टर्मिनलनं शिकलेली प्रत्येक नवी गोष्ट, चित्र दाखवणं असो की कळांचे बारकावे, दुभाष्यालाही शिकावी लागते. तो शिकेपर्यंत ती अडकून पडते. शिवाय तेच अक्षर दोनदा वाचून दोनदा रंगवण्यात ताकद वाया जाते. म्हणून किटीनं टॅब, तुकडे आणि त्यांच्या रचना स्वतःच्याच पोटात घेतल्या. एका रचनेत डावीकडे मोठा तुकडा आणि उजवीकडे लहानांची चळत, दुसरीत जाळी, तिसरीत एकच तुकडा पूर्ण पडदाभर. कंट्रोल-शिफ्ट-एल दाबत गेलं की त्या पालटत जातात.

"त्याच माहितीपत्रात त्यांनी एक अपवाद केलाय," भाची म्हणाली. "लांबच्या यंत्रावर काम जिवंत ठेवणं. आणि माझं सगळं कामच त्या अपवादात येतं."

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं दिवसभरातला सर्वांत वजनदार मुद्दा काढला.

"पाच तास चालणारं काम मुळात टर्मिनलमध्ये असावंच का? टर्मिनल म्हणजे दार. दारात उभं राहून कोणी स्वयंपाक करतं का? सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या हवाली कर, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला सांग. नोंदी फाइलमध्ये जातील, पडलं तर पुन्हा उठेल, यंत्र बंद होऊन चालू झालं तरी सुरू होईल. तुझं टीमक्स रीस्टार्टमध्ये जातंच ना? आणि २०१६ साली सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीनं ठरवलं की लॉग-आउट झालं की माणसाची सगळी कामं आवरायची, तेव्हा टीमक्सवाल्यांची सेशनंही त्यात जाऊ लागली. केवढा गदारोळ! डेबियननं ते आपल्यापुरतं बंद केलं म्हणून वाचलात."

"बरोबर आहे," भाची म्हणाली. "ठरलेलं काम सर्व्हिस म्हणूनच लावावं. पण माझं काम ठरलेलं नसतं. एका तुकड्यात प्रयोग, दुसऱ्यात त्याच्या नोंदी, तिसऱ्यात यंत्राचा ताप किती चढला ते. दर वीस मिनिटांनी मी काहीतरी बदलते. कुठलं काम लांबणार हे सुरू करताना मला माहीतच नसतं. तुलाही काल नव्हतं. तुझ्या पद्धतीत माणसानं आधी ओळखायचं आणि आठवणीनं नोहप लावायचं. माझ्यात काही आठवावं लागत नाही, मी आत असतेच."

मामानं पोह्यांची रिकामी ताटली उचलून आत नेऊन ठेवली. हे त्याचं उत्तर होतं की माघार, ते कळलं नाही.

परत आल्यावर त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. त्याच्या टॅबमधली एक गोष्ट तिनं कधी नीट पाहिली नव्हती. त्याच्याकडे तीन प्रोफाइलं आहेत. घरच्या यंत्राला काळी पार्श्वभूमी, चाचणीच्या सर्व्हरला गडद निळी, आणि लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरला मळकट लाल. लाल टॅबमध्ये असताना हात आपोआप सावकाश चालतो. शिवाय प्रत्येक टॅबला मराठी नाव: 'डेटाबेस – जपून', 'नोंदी', 'लग्न'. शेलनं एस्केपनंतर ठरावीक चिन्हं आणि मजकूर पाठवला की टर्मिनल तो मजकूर शीर्षक म्हणून लावतं. प्रॉम्प्ट छापतानाच हे व्हावं अशी सोय त्यानं शेलच्या फाइलमध्ये केली आहे.

"हे तुझ्या टीमक्सच्या खालच्या हिरव्या पट्टीत लिहून दाखव," तो म्हणाला.

तिनं विंडोला 'नोंदी' नाव दिलं. वेलांटीपाशी पट्टी किंचित सरकली. 'प्रक्रिया' लिहिल्यावर अक्षरं एकमेकांवर चढली. टर्मिनलचा पडदा चौकोनांच्या जाळीचा असतो. एका चौकोनात एक अक्षर, ही त्याची मूळ समजूत. देवनागरीत 'क्रि' दिसतं एक, साठवलं जातं चार चिन्हांत, आणि त्यातली वेलांटी लिहिली जाते नंतर पण दिसते आधी. कुठल्या चिन्हाला किती चौकोन द्यायचे, यावर टीमक्स आणि बाहेरचं टर्मिनल यांचं एकमत झालं नाही की ओळ विस्कटते. टॅबचं शीर्षक मात्र जाळीच्या बाहेर असतं. ते बटणं आणि मेनू रंगवणारी यंत्रणाच रंगवते आणि तिला जोडाक्षरं येतात.

"हा मुद्दा तुझा," भाची म्हणाली. तिनं लाल रंगाची युक्तीही उचलली. टीमक्समध्ये पट्टीचा रंग सेशनगणिक बदलता येतो. तिनं तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या.

मधला रस्ता कुणी काढलाय का, हेही मग त्यांनी तपासलं. तिच्या ऑफिसच्या मॅकवरच्या आयटर्म-टू मध्ये आहे. टीमक्सला दोन कॅपिटल सी जोडून हाक मारली की ते स्वतः पडदा रंगवत नाही, टर्मिनलला नुसत्या सूचना देतं. तिकडच्या टीमक्सची प्रत्येक विंडो इकडे खरा टॅब बनते, सरकपट्टी आपली, माऊस आपला, आणि जीव मात्र तिकडच्या सर्व्हरमध्ये. मामाला हे फार पटलं, पण आयटर्म-टू फक्त मॅकवर चालतं आणि मॅक त्याच्याकडे नाही. टीमक्सच्याच जातीचं झेलीजही पाहिलं. मोरोक्कोच्या चकचकीत फरशांच्या नक्षीवरून हे नाव घेतलं आहे. कुठली कळ काय करते ते झेलीज तळाशी लिहूनच ठेवतं. "हे लग्नाच्या आमंत्रणासारखं आहे," मामा म्हणाला, "सगळं छापलेलं." त्यानं ते बंद केलं.

दुपारी चारला लग्न पुन्हा सुरू झालं. डेस्कटॉपवर घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं आहे. भाचीनं त्याच्या मोठ्या पडद्यासमोर बसून टीमक्सचं सेशन उघडलं, त्याला रोमन लिपीत 'लग्न' असं नाव दिलं, एफएफएमपेग सोडलं आणि शेजारच्या पेनमध्ये आपलं काम काढलं. चहाच्या वेळी तिच्या पडद्याचा उजवा आणि खालचा भाग अचानक बारीक ठिपक्यांनी भरला आणि तिचे पेन डाव्या कोपऱ्यात आकसले.

"मामा! कुठून शिरलायस?"

स्वयंपाकघरातून. ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्यानं एसएसएच केलं होतं आणि त्याच सेशनला अटॅच झाला होता. दोघं एकच विंडो बघत असली की टीमक्सला एकच माप ठेवता येतं, आणि ज्यानं शेवटची कळ दाबली त्याच्या पडद्याचं माप ते घेतं. त्याचा पडदा लहान, म्हणून तिच्याकडे उरलेल्या जागेत ठिपके. तिनं एक कळ दाबली, ठिपके गेले आणि मामाच्या पडद्यावरून अर्धी विंडो बाहेर पडली. त्यानं दाबली, ठिपके परत आले. असं पाच-सहा वेळा झालं.

"हात काढा दोघांनी," मामी लॅपटॉपवर वाकून म्हणाली. तिला ती एकच ओळ वाचायची होती, ज्यात एफएफएमपेग आपण कुठवर आलो ते सांगत असतं. सत्तेचाळीस मिनिटं आणि काही सेकंद.

"म्हणजे सीमांतपूजन संपलं," ती म्हणाली आणि गॅस बारीक केला.